चहाच्या गाडीवरची सभा आत कशी आणायची: संस्था जिवंत ठेवणाऱ्या संवादाची रीत

अध्यक्षांचा अहवालाचा पहिला परिच्छेद वाचून होतो न होतो तोच मागच्या रांगेतून "मंजूर, मंजूर" सुरू होतं. सहकारी संस्थेचा सभासद असलेल्या कोणालाही हे नवं नाही. पंधरा मिनिटांत ताळेबंद, नफावाटणी, लेखापरीक्षकाची नेमणूक असं सगळं उरकतं आणि मग बाहेर चहाच्या गाडीपाशी खरी सभा भरते. नवं यंत्र का बंद पडतं, कोणता टँकर कधीच वेळेवर येत नाही, कोण कोणाशी दोन वर्षं बोलत नाही, हे तिथे माणसं बिनचूक सांगतात. खासगी कंपनीत कोणी "मंजूर" ओरडत नाही, नुसत्या माना डोलावतात. चहाची गाडी तिथेही असतेच.

म्हणजे संस्थेत बोलणं कमी असतं असं नाही. ते कामापासून आणि निर्णयापासून लांब जाऊन साचतं. ते परत आत खेळतं करायचं कसं, याची ही रीत आहे. बारा-पंधरा वर्षं वेगवेगळ्या संस्थांमध्ये लोकांना गोल बसवण्याचं काम करताना हाताला लागलेली, काही ठिकाणी तोंडघशी पडून शिकलेली.

"जिवंत" म्हणजे नेमकं काय

"आमची संस्था म्हणजे एक कुटुंब" असं वाक्य ऐकलं की मी सावध होते. जिवंत या शब्दाला त्याहून काटेकोर अर्थ आहे. १९७०च्या दशकात चिलीतले जीवशास्त्रज्ञ उंबेर्तो मातुराना आणि फ्रान्सिस्को वारेला यांनी सजीवाची ओळख अशी मांडली की तो स्वतःला सतत स्वतःच घडवत राहतो. पेशी आपलं आवरणसुद्धा आपणच तयार करते. तिला बाहेरून टोचता येतं, पण टोचल्यावर ती काय करेल हे तिची स्वतःची घडण ठरवते.

आता परिपत्रकाचा विचार करा. "सर्वांनी कामाच्या जागी वेळेवर हजर राहावे." स्टोअरमध्ये याचा अर्थ लागतो की कोणीतरी चुगली केली. कँटीनमध्ये लागतो की दिवाळीचा बोनस कापणार. हिशेब विभागात कोणी वाचतच नाही. परिपत्रक हे फक्त टोचणं आहे, त्यापुढचं सगळं लोक आपापल्या अर्थाने करतात. तो अर्थ एकत्र बसून लावता आला, तरच संस्था एका अंगाने हलते.

अशा बसण्याचा विचार भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोम (१९१७ ते १९९२) यांनी आयुष्याच्या शेवटच्या दशकात बारकाईने केला. तत्त्वचिंतक जे. कृष्णमूर्तींशी त्यांच्या अनेक वर्षं चाललेल्या संभाषणांचा त्यामागे मोठा वाटा होता. वीस ते चाळीस माणसं, गोल बसलेली, विषयपत्रिका नाही, निर्णय घ्यायचा नाही, आणि आपली गृहीतकं उघड्यावर ठेवायची, असा त्यांचा प्रयोग. कंपनीत किंवा पतसंस्थेत तो जसाच्या तसा चालत नाही. विषय नाही म्हटलं की तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी घड्याळ बघतं. पण त्याचा गाभा घेता येतो.

आपल्याकडे न्यायसूत्रांनी, म्हणजे तर्कशास्त्राच्या जुन्या ग्रंथाने, बोलण्याचे तीन प्रकार फार पूर्वी वेगळे केलेत. सत्य कळावं म्हणून करतात तो वाद, जिंकण्यासाठी करतात तो जल्प, आणि स्वतःची काहीच बाजू न मांडता समोरच्याचं नुसतं खोडत राहणं ती वितंडा. बहुतेक कार्यालयीन बैठका जल्पात सुरू होतात आणि वितंडेत संपतात. आपल्याला पहिल्याकडे यायचंय.

सुरुवात: प्रमुखाला एकच प्रश्न

काम हाती घेण्याआधी संस्थेच्या प्रमुखाला विचारा: "यातून जे पुढे येईल त्याने तुमचा कोणता निर्णय बदलू शकतो? एक सांगा."

"सगळेच" असं उत्तर आलं तर जपून. "शिफ्टच्या वेळा बदलू शकतो, पगारवाढीचा आकडा नाही" असं सांगणारा माणूस मला जास्त भरवशाचा वाटतो. मी हा प्रश्न विचारायला शिकले त्याला कारण आहे. एका संस्थेत एक शाखा बंद करायचं आधीच ठरलं होतं. मला माहीत नव्हतं, आणि मी विचारलंही नव्हतं. तीनदा लोकांना गोल बसवून "शाखेचं भविष्य" यावर बोलतं केलं. चौथ्या वेळी एक लिपिक शांतपणे म्हणाले, "मॅडम, हे ठरलंय ना आधीच?" त्या दिवशी मी निरुत्तर झाले. त्या लोकांनी त्यानंतर कुठल्याच बैठकीत तोंड उघडलं नाही, असं पुढे कळलं.

काही गोष्टी या वर्तुळात आणायच्याच नाहीत. लैंगिक छळाची तक्रार २०१३च्या कायद्यानुसार अंतर्गत समितीकडे जाते, तिथे "सगळे मिळून बोलूया" म्हणणं हा तक्रारदारावर अन्याय आहे. पगाराची बोलणी युनियनशी. आणि अपघाताची शक्यता असेल तर आधी यंत्र बंद करायचं, मग बोलायचं.

पहिले तीन आठवडे: नुसतं ऐका

बैठक बोलावण्याची घाई करू नका. बारा-पंधरा जणांना एकेकटं भेटा, प्रत्येकी अर्धा तास, शक्यतो त्यांच्या कामाच्या जागी. रेकॉर्डिंग नको, वही पुरते. दोन प्रश्न पुरेसे असतात. काम अडलं की तुम्ही कोणाकडे जाता? आणि, चहा अर्धा झाल्यावर, गेल्या महिन्यात अशी कोणती गोष्ट तुम्हाला माहीत होती पण तुम्ही बोलला नाहीत?

पहिल्या प्रश्नाची उत्तरं मोठ्या कागदावर बाण काढून मांडा. पुण्याजवळच्या एमआयडीसीतल्या साठेक माणसांच्या कारखान्यात मी हे केलं तेव्हा निम्मे बाण एका माणसाकडे गेले. तो टूल देण्या-घेण्याच्या खिडकीत बसायचा, कॉन्ट्रॅक्टवर होता आणि कंपनीच्या तक्त्यात त्याचं नाव नव्हतं. मालकाच्या केबिनकडे दोन बाण होते, त्यातला एक मालकाच्या भाच्याचा. (हा कागद मालकाला दाखवायचा की नाही, हे त्या माणसाला विचारून ठरवा. मी विचारलं. तो म्हणाला, "दाखवा, पण सुपरवायझरला नको.")

ऐकताना सर्वनामांकडे कान ठेवा. मराठीने आपल्याला इथे एक फुकटचं मोजमाप दिलंय: समोरच्याला वगळणारं "आम्ही" आणि त्याला पोटात घेणारं "आपण". "आम्ही सांगितलं होतं, त्यांनी ऐकलं नाही" असं दिवसभर ऐकू आलं तर भिंत कुठे आहे ते कळतं. चार-पाच बैठकांनंतर त्याच तोंडून "आपल्याकडे हे होतं खरं" आलं, तर काहीतरी हललंय. साहेबांचं "आपण" मात्र मोजू नका. "आपण हे शुक्रवारपर्यंत करून टाकायचंय" हा सरळ हुकूम असतो.

विचाराची बैठक वेगळी, निर्णयाची वेगळी

संपूर्ण लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. ती मी व्यवस्थापनाच्या पुस्तकातून घेतलेली नाही. ती गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा लेखा या गावाची आहे.

शंभरेक घरांचं हे गोंड आदिवासी गाव "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" या घोषणेमुळे आपल्याला ठाऊक असतं. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी ते एक. २०११ मध्ये आपला बांबू आपल्या परवान्यावर विकण्याचा अधिकारही त्याने मिळवला. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल ही त्यामागची दोन ओळखीची नावं. घोषणा सगळे सांगतात, तिच्यामागची यंत्रणा मात्र कमी लोक बघतात.

गावात दोन वेगवेगळ्या जागा आहेत. अभ्यासगटात एखाद्या विषयावर हवं तितकं बोलायचं, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, कायदा वाचायचा, उलटसुलट प्रश्न विचारायचे. अभ्यासगटाला निर्णयाचा अधिकार नाही. निर्णय ग्रामसभा घेते, तोही बहुमताने नाही, सर्वसहमतीने. एकाचं पटत नसेल तर विषय थांबतो आणि पुन्हा बोलणं होतं.

या रचनेतली हुशारी बघा. जिथे निर्णय व्हायचा नसतो तिथे माणूस मोकळेपणाने म्हणू शकतो की "मला कळलं नाही" किंवा "काल मी वेगळं म्हणालो होतो". तिथे हरायला काही नसतं. आणि जिथे निर्णय होतो तिथे येईपर्यंत विषय इतका मळून झालेला असतो की हात वर करून मोजण्याची वेळ येत नाही. आपल्या कार्यालयांत या दोन्ही गोष्टी एकाच तासात कोंबतो, म्हणून पहिल्या दहा मिनिटांत वरिष्ठाचं मत आलं की उरलेली पन्नास मिनिटं त्याचं समर्थन चालतं.

तुमच्याकडे करायचं ते असं. दर पंधरा दिवसांनी दीड-दोन तासांची विचाराची बैठक. तिच्यात ठराव नाही, "ॲक्शन पॉइंट" नाही, हजेरीची सही नाही. निर्णयाची बैठक किमान तीन दिवसांनी, वेगळ्या खोलीत, गरजेपुरत्या माणसांची. मधले तीन दिवस वाया जात नाहीत. ऐकलेलं घरी जाऊन मुरतं.

प्रश्न कसा निवडायचा

त्या कारखान्यातला दुखरा विषय होता रिजेक्शन, म्हणजे माप चुकल्यामुळे नाकारला जाणारा माल. मालकांनी सुचवलेला प्रश्न: "सकाळच्या शिफ्टला रिजेक्शन का वाढलं?" हा प्रश्न विचारला की साठ माणसं एक चेहरा शोधायला लागतात. आम्ही तो बदलून ठेवला: "शिफ्ट बदलते तेव्हा आपल्यात काय हरवतं?"

चांगल्या प्रश्नाची माझी कसोटी साधी आहे. त्याला हेल्परही स्वतःच्या अनुभवातून उत्तर देऊ शकतो का? त्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच माहीत आहे का? असेल तर तो प्रश्न नाही, परीक्षा आहे. "का" ने सुरू होणारे प्रश्न मराठी कानाला जाब विचारल्यासारखे लागतात. "कधी", "कसं", "तेव्हा काय होतं" यांनी सुरुवात करा.

बसायचं कसं

पंधरा-अठरा माणसं. गोल. मध्ये टेबल नको, टेबलाआड वह्या आणि कोपरं लपतात. सगळ्या खुर्च्या एकसारख्या, मालकाची फिरती खुर्ची आणायची नाही. जागा नसेल तर सतरंजी, पण गुडघे दुखणाऱ्यांना आधी विचारा. चहा बैठकीच्या आधी. मध्येच आला की चहा देणारा मुलगा वर्तुळ फोडत फिरतो आणि त्याला कोणी बोलायलाही सांगत नाही.

गोल बसल्याने पायरी मोडते, असं समजू नका. जात, इंग्रजी, कायम आणि कॉन्ट्रॅक्ट, बाई आणि पुरुष हे सगळं खुर्चीसकट वर्तुळात येऊन बसतं. म्हणून पहिल्या दोन बैठकांना सर्वांत वरचा माणूस नको. तिसरीला त्यांनी यायचं, एकाच अटीवर: बोलायची पाळी शेवटी.

दोन तास चालवायचे कसे

सुरुवातीला एक फेरी. प्रत्येकाने दोन मिनिटं, मध्ये कोणी बोलायचं नाही, "पास" म्हणायला मुभा. पहिल्या फेरीत मतं मागू नका, प्रसंग मागा. "गेल्या आठवड्यात शिफ्ट बदलताना काय घडलं ते सांगा." मतावर भांडण होतं, प्रसंगावर सहसा होत नाही.

मग मोकळं बोलणं. इथे एकच शिस्त शिकवायची: मत खुंटीला टांगणं. फेकून द्यायचं नाही, दाबायचंही नाही. छत्री भिंतीवर टांगतो तसं सगळ्यांना दिसेल असं लावायचं आणि आपणही लांबून बघायचं. वाक्य द्यायला लागतं, नुसतं सांगून जमत नाही. "मी असं धरून चाललोय की रात्रपाळीचे लोक मुद्दाम लिहीत नाहीत. माझं चुकतही असेल." हे वाक्य एका सुपरवायझरला तीनदा म्हणायला लागलं. पहिल्या दोन वेळा "चुकतही असेल" गिळलं गेलं.

शांतता झाली तर ती मोडू नका. मनात चाळीस मोजा. माझ्या अनुभवात तिसाच्या आसपास ज्याला खरं बोलायचंय तो घसा खाकरतो. त्या कारखान्यात तो रात्रपाळीचा ऑपरेटर होता. टूलची धार झिजली की माप राखायला तो मशीनमध्ये थोडा ऑफसेट, म्हणजे मापातली भरपाई, द्यायचा, आणि जॉब (घडवलेले भाग) बरोबर निघायचे. सकाळचा माणूस झिजलेलं इन्सर्ट, म्हणजे टूलचं कापणारं टोक, बदलून नवं लावायचा, पण रात्री दिलेला ऑफसेट शून्यावर आणायचा असतो हे त्याला कळायचंच नाही. पहिले जॉब माप सोडून जायचे. मग रात्री वहीत का लिहिलं नाही? कारण परवानगीशिवाय सेटिंगला हात लावायचा नाही, असा नियम होता. लिहिलं तर मेमो, न लिहिलं तर रिजेक्शन, तेही दुसऱ्याच्या नावावर.

टूलच्या खिडकीतल्या त्या माणसाला हे दीड वर्षं माहीत होतं. त्याला कोणी विचारलं नव्हतं.

आता अडचणी. फार बोलणाऱ्याला थांबवताना त्याचाच मुद्दा वापरा: "तुम्ही म्हणता ते रात्रपाळीच्या बसचं, ते आणखी कोणी पाहिलंय?" वितंडा करणाऱ्याला, म्हणजे प्रत्येक गोष्ट खोडणाऱ्याला, एवढंच विचारा की "मग तुम्हाला काय दिसतं?" आणि थांबा. कोणी रडलं तर पाणी द्या, विषय बदलू नका, सांत्वनाची भाषणंही नकोत. कोणी वरिष्ठांबद्दल कडक बोललं तर बैठकीनंतर आठवडाभर त्या माणसाच्या ड्युटीवर लक्ष ठेवा. त्याची पाळी अचानक बदलली तर प्रमुखाकडे जाऊन भांडायचं काम तुमचं आहे.

बोलण्यातून कामाकडे

जिवंत गोष्टी निर्णय कशा घेतात याचं सर्वांत सुंदर उदाहरण मधमाश्यांचं आहे. जर्मनीत मार्टिन लिंडाऊर आणि नंतर अमेरिकेत थॉमस सीली यांनी ते युरोपीय मधमाश्यांवर दाखवून दिलं. पोळ्यातून बाहेर पडलेला थवा फांदीवर लटकतो आणि काहीशे शोधक माश्या नव्या घराच्या जागा बघायला जातात. परत येऊन नाचून सांगतात. जागा जितकी चांगली, तितका नाच लांबतो. राणीला यात काही म्हणणं नसतं. पण सीली यांनी टिपलेली खरी गंमत पुढे आहे: प्रत्येक माशी दर फेरीला आपला नाच थोडा कमी करते आणि शेवटी थांबते, तिची जागा कितीही चांगली असली तरी. हट्टाने नाचत राहणारी माशी नसते. दुसऱ्या माश्या स्वतः जाऊन जागा बघतात, मगच तिच्यासाठी नाचतात. एका जागी वीस-तीस माश्या एका वेळी जमल्या की थवा उडायच्या तयारीला लागतो.

यातून निर्णयाच्या बैठकीसाठी मी तीन गोष्टी उचलल्या आहेत. सुचवणाऱ्याने आपली सूचना एकदाच मांडायची, पुढच्या वेळी दुसऱ्या कोणीतरी ती मांडली तरच ती जिवंत. मत देण्याआधी जागेवर जाऊन बघायचं. आणि सगळ्यांचं शंभर टक्के पटेपर्यंत न थांबता "हे पंधरा दिवस करून बघायला कोणाची ठाम हरकत आहे का?" एवढंच विचारायचं. मेंढा लेखाची सर्वसहमती थोर आहे, पण तिला गावाइतका धीर लागतो. कंपनीला "पंधरा दिवस, मग पुन्हा बोलू" झेपतं.

कारखान्यात ठरलं ते अगदी किरकोळ: प्रत्येक मशीनला एक पांढरा फळा, दिलेला ऑफसेट त्यावर मार्करने लिहायचा, त्यावरून मेमो द्यायचा नाही, आणि दोन शिफ्ट दहा मिनिटं एकमेकांवर चढवायच्या. फळे दुसऱ्या दिवशी लागले. दहा मिनिटांसाठी मात्र रात्रपाळीची बस उशिरा सोडावी लागणार होती, आणि ते ट्रान्सपोर्टवाल्याच्या करारात अडलं. मालकांनी पहिल्या भेटीत "वेळा बदलू शकतो" म्हटलं होतं, ते तिथे कामी आलं.

लय आणि वाढ

बैठकीचा दिवस आणि वेळ ठरलेली ठेवा, पंधरा दिवसांची. महिनाभर खंड पडला की लोक पुन्हा चहाच्या गाडीवर जातात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

गट फुगू देऊ नका. २००६ मध्ये योस दे ब्लोक यांनी सुरू केलेल्या नेदरलँड्समधल्या ब्यूर्टझोर्ग या घरपोच शुश्रूषा देणाऱ्या संस्थेत परिचारिकांचे गट आपलं काम आपणच ठरवतात, मुकादम नाही. गट जास्तीत जास्त बारा जणींचा, त्याहून वाढला की दोन होतात. पेशी विभागते तसंच. विचाराच्या वर्तुळातही अठराच्या वर गेलात की दोन वर्तुळं करा आणि प्रत्येकातला एक जण दुसऱ्यात पाठवा.

नोंदींसाठी दोन रकान्यांची वही. डावीकडे बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे, नाव न घालता. उजवीकडे त्याचं पुढे काय झालं. उजवा रकाना रिकामा राहिला तर तोही वाचून दाखवायचा, "यावर काहीच झालेलं नाही" असं स्पष्ट म्हणून. वही खिडकीत, कँटीनमध्ये, कुठेही दोरीने बांधून ठेवा, कपाटात नको. आमची ती टूलच्या खिडकीत लटकते. तिच्यावर ग्रीसचे डाग आहेत आणि मधली दोन पानं कोणीतरी फाडली आहेत. कोणी आणि का, हा येत्या गुरुवारचा विषय आहे.